धान्याचा पाऊस आणि भुतांचे रडणे

चिनी लिपी शिकावयास बसलेला मनुष्य पहिल्या आठ दिवसांतच स्वयंपाकघरात जाऊन पोहोचतो. आपल्याकडचे मूल 'अ'पासून निघते. 'अ'ला स्वतःचा अर्थ नसतो, म्हणून त्याला अननसाचा टेकू द्यावा लागतो. चिनी लिपीला असा टेकू लागत नाही. तेथे अक्षर म्हणजे अर्थासकट उभा असलेला एक शब्द किंवा शब्दाचा तुकडा. त्यामुळे जे सोपे आणि रोजच्या वापरातले ते आधी शिकायचे. एक, दोन, तीन झाले, माणूस झाला, डोंगर झाला, पाणी झाले, की शेत येते. आणि शेतापाठोपाठ तांदूळ, कणीक, मीठ, मासा, चहा. मी ही लिपी उतारवयात, कोणत्याही परीक्षेची वा प्रवासाची गरज नसताना शिकू लागलो. खाण्याच्या अक्षरांपाशी आलो आणि तेथेच रेंगाळलो. या अक्षरांनी माझ्यापुढे एक प्रश्न टाकला. तो लिपीचा नाही, नीतीचा आहे. हा अंक फराळाच्या ताटाशेजारी उघडला गेला असेल, तर तेथे तो प्रश्न अगदीच अस्थानी होणार नाही.

आधी वहीबद्दल सांगतो. चिनी मुलाच्या वहीत ओळी नसतात, चौकोन असतात. अक्षर कितीही रेघांचे असो, ते एका चौकोनात मावले पाहिजे. हे चौकोन दोन प्रकारचे. पहिल्यात एक आडवी आणि एक उभी रेघ फिकट छापलेली असते, त्यामुळे चौकोनाचे चार खण पडतात. ही आकृती म्हणजेच चिनी लिपीतले 'शेत' हे अक्षर. म्हणून त्या चौकोनाला 'शेताची चौकट' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात आणखी दोन तिरक्या रेघा असतात, आणि मग ती आकृती 'तांदूळ' या अक्षरासारखी दिसते. ती 'तांदळाची चौकट'. चिनी मूल युद्ध लिहो, सम्राट लिहो की आईचे नाव लिहो, ते लिहिते शेतात किंवा तांदळात. आपल्याकडे धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, त्यांना धुळाक्षरे हेच नाव पडले. केरळात विजयादशमीला मुलाचे बोट धरून तांदळाच्या ताटात पहिले अक्षर काढवतात. चिनी वहीत तांदळाचा दाणा नसतो, पण त्याचे नाव प्रत्येक पानावर असते.

या पानावर मी चिनी अक्षरे मुद्दामच छापू दिलेली नाहीत. छापील अक्षर डोळा पाहतो आणि पुढे जातो. त्यापेक्षा घरात रांगोळीचा डबा उघडाच असेल, तर एक चिमूट पाटावर पसरून बोटाने काढून पाहावे. वर दोन लहान फटकारे, डावीकडून एक, उजवीकडून एक, दोन्ही मध्याकडे झुकलेले. मग आडवी रेघ. मग तिला छेदून उभी. मग मध्यातून खाली दोन्हीकडे दोन लांब फटकारे. सहा रेघा झाल्या, की तांदूळ झाला. त्याचा उच्चार 'मी', आवाज खाली नेऊन वर उचलायचा. तांदळाला 'मी' म्हणणाऱ्या भाषेबद्दल मराठी माणसाला पहिल्याच दिवशी जवळीक वाटली तर नवल नाही. हीच आकृती सोडवून पाहिली तर वर उलटा 'आठ', मध्ये 'दहा' आणि खाली 'आठ' असे तीन आकडे निघतात. चिनी रीतीने वाचले की अठ्ठ्याऐंशी. म्हणून चीन-जपानात अठ्ठ्याऐंशी वर्षे जगलेल्या माणसाने तांदळाचे आयुष्य गाठले असे म्हणतात. जपानी लोक आणखी पुढे जाऊन सांगतात, की तांदूळ पिकवायला अठ्ठ्याऐंशी कष्ट पडतात. कष्ट कोणी मोजले असतील असे मला वाटत नाही. पण कोकणात आवण लावताना वाकलेली पाठ ज्याने पाहिली आहे तो आकड्यावरून वाद घालणार नाही.

रेघांचा क्रम ठरलेला असतो. वरची आधी, खालची मागून. डावी आधी, उजवी मागून. आडवी आधी, उभी मागून. क्रम चुकवूनही आकृती तीच निघते. मग क्रमाचा आग्रह कशाला, असे नवशिक्याला वाटते. महिन्याभरात हाताला उत्तर सापडते. क्रमाने काढलेले अक्षर बोटांच्या स्मरणात राहते, डोळा विसरला तरी हात विसरत नाही. हल्ली चीनमध्येही लोक दूरध्वनीच्या पडद्यावर रोमन अक्षरांनी उच्चार देतात आणि यंत्र चिनी अक्षर पुढे करते. त्यामुळे लेखणी उचलली की अक्षर आठवत नाही, अशी तक्रार तेथे इतकी सार्वत्रिक झाली आहे की तिला स्वतंत्र शब्दप्रयोगच पडला आहे.

तांदळाबाबत चिनी आणि मराठी माणसाचे कसे पटते पाहा. शेतात उभे असते तेव्हा आपण त्याला भात म्हणतो, कांडल्यावर तांदूळ, आणि शिजल्यावर पुन्हा भात. इंग्रजाला या तिन्ही अवस्थांना एकच शब्द पुरतो, कारण तो पिकवत नव्हता, विकत घेत होता. चिनी भाषेत तीन निराळे शब्द आहेत आणि तीन निराळी अक्षरे: शेतातला 'ताव', पोत्यातला 'मी', वाडग्यातला 'फान'. 'फान'चा अर्थ भात, आणि भात म्हणजेच जेवण. 'जेवलात का?' हा तेथला जुना क्षेमकुशलाचा प्रश्न आहे. कायमच्या नोकरीला लोखंडाचा भाताचा वाडगा म्हणत.

'फान' अक्षराचे दोन भाग आहेत. डावा भाग 'खाणे' या अर्थाचा. उजवा भाग 'उलट' या अर्थाचा. पण येथे त्या अर्थाचा काही संबंध नाही, तो केवळ उच्चार सुचवण्यासाठी बसवला आहे. चिनी अक्षरांपैकी फार मोठा भाग असाच बनलेला आहे: एक बाजू अर्थाची दिशा दाखवते, दुसरी बाजू आवाज देते. हे ज्याने ध्यानात घेतले नाही त्याला चिनी लिपी म्हणजे चित्रांची आणि सुभाषितांची खाण वाटू लागते. चहाचे अक्षर घ्या. वर गवत, खाली झाडासारखी आकृती, मध्ये माणूस. गवत आणि झाड यांच्यामध्ये बसलेला मनुष्य म्हणजे चहा! चहाच्या दुकानातून हा अर्थ हौसेने सांगतात. खरा इतिहास असा, की कडू पाल्याचे एक जुने अक्षर होते, त्यातली एक आडवी रेघ गाळून चहाचे अक्षर झाले. थांग राजवटीत, लू यू याने आठव्या शतकात चहावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्या सुमारास, हे नऊ रेघांचे अक्षर रूढ झाले. त्याचा उच्चार 'छा', आणि आपला चहा त्याच 'छा'चा वंशज. एका रेघेची काटकसर हा चहाच्या जन्माचा इतिहास. माणूस तेथे कोणी आणून बसवलेला नाही.

माशाच्या जुन्या अक्षराखाली चार ठिपके असतात. शिजवणे, तळणे, उकडणे यांच्या अक्षरांतही खाली तसेच चार ठिपके आहेत आणि तेथे ते विस्तव दाखवतात. तेव्हा नवशिका म्हणतो, मासा चुलीवर आहे. चुलीवर नाही, ते ठिपके शेपटीचे आहेत. घेवडा, वाटाणा, सोयाबीन यांना मिळून जे 'तोउ' अक्षर, ते मुळात शेंगेचे चित्रच नव्हे. ते उंच बैठकीच्या ताटलीचे, पूजेच्या भांड्याचे चित्र आहे. आवाज जुळला म्हणून शेंगेने ते घेतले. गव्हाची गोष्ट याहून मौजेची. ओंबीसकट उभ्या गव्हाचे एक सुबक चित्राक्षर प्राचीन चीनमध्ये होते. 'येणे' या क्रियापदाला चित्र कसे काढणार? आवाज सारखा म्हणून त्याने गव्हाचे चित्र उचलले आणि परत दिलेच नाही. गव्हाला मग दुसऱ्या अक्षराकडे जावे लागले. आजही चिनी माणूस 'ये' असे लिहितो तेव्हा तो गव्हाचे रोप काढीत असतो.

आणि टोफू! सोयाबीनच्या दुधाचा हा चौकोनी गोळा मठांतल्या शाकाहारी भिक्षूंचा आधार. त्याच्या नावातले दुसरे अक्षर 'नासणे' या अर्थाचे, आणि त्या अक्षराच्या पोटात 'मांस' हे अक्षर बसलेले आहे. कडक शाकाहारी घरातल्या बाईने हे अक्षर गिरवायचे की नाही, हा प्रश्न मी आमच्या घरी विचारून पाहिला. "लिहायला हरकत नाही, खायला देऊ नका," असे उत्तर मिळाले.

या सगळ्या गमतीत एक अक्षर असे आहे की त्यापाशी हसू थांबते. ऐक्य, सलोखा, शांतता या अर्थाचे 'ह' हे अक्षर. डावीकडे उभे पीक, उजवीकडे तोंड. प्रत्येक तोंडाला धान्य मिळाले म्हणजे शांतता, असा अर्थ व्याख्यानांतून नेहमी ऐकू येतो. ऐकायला किती बरे वाटते! पण श्यू शेन या पंडिताने इसवी सन १००च्या सुमारास चिनी अक्षरांचा जो पहिला मोठा कोश रचला, त्यात ९,३५३ अक्षरांची फोड आहे, आणि त्या रीतीने पाहता यातले पीक आवाजापुरते आहे. पिकाचा उच्चारही 'ह'च. आता कोणी म्हणेल, अर्थ चांगला आहे ना, मग मूळ काही का असेना? मला हे म्हणणे पटत नाही. प्रत्येक तोंडाला धान्य मिळाल्याशिवाय शांतता नाही, ही गोष्ट खरी आहे. पण ती अक्षराने सांगितलेली नाही, आपण अक्षराच्या तोंडी घातली आहे. अक्षर बिचारे मुकाट्याने सहन करते. ज्याच्या हाती लेखणी आहे त्याला कागदावर काहीही वदवून घेता येते, ही सवय अशा गोड जागीच प्रथम लागते.

पिकाचे चिन्ह ज्यांत खरोखर अर्थासाठी बसवले आहे अशी अक्षरे निराळीच आहेत, आणि व्याख्यानांतून ती कोणी फारशी सांगत नाही. पीक आणि कोयता मिळून 'फायदा'. जमिनीचा खंड, त्याच्या डावीकडे पीक. सरकारचा कर, त्याच्याही डावीकडे पीक. कारण दोन्ही धान्यात भरावे लागत. तराजू, डावीकडे पीक. पीक आणि मापाचे भांडे मिळून जे अक्षर होते त्याचा अर्थ प्रत ठरवणे, वर्ग पाडणे. सम्राटाच्या नोकरीसाठी ज्या परीक्षा शेकडो वर्षे चालल्या आणि १९०५ साली बंद झाल्या, त्यांच्या नावात हे अक्षर पहिले येते, आणि आजच्या 'विज्ञान' या शब्दातही. आणि संपादक ज्याची वाट पाहत असतात ते हस्तलिखित? त्याचे अक्षर मुळात धान्य काढून घेतल्यावर उरलेल्या ताटांचे, पेंढ्याचे आहे. या शेवटच्या व्युत्पत्तीवर संपादकांचे मत मी विचारलेले नाही.

पाटावर ही अक्षरे एकाखाली एक मांडली की एक गोष्ट उघड दिसते. दाणा शेतातून निघून कोणाच्या घरी गेला याची ही वहिवाट आहे: कोयता, माप, तराजू, खंड, कर. आणि या प्रत्येक टप्प्यावर हातात लेखणी असलेला एक मनुष्य उभा आहे, जो बहुधा शेतकरी नाही.

चिनी लोकांना हे फार पूर्वी सुचले होते. अक्षरे कोणी शोधली याविषयी त्यांची जी दंतकथा आहे ती दुसऱ्या कोणत्या देशात मी तरी ऐकलेली नाही. पीत सम्राटाच्या पदरी त्सांगच्ये नावाचा एक अधिकारी होता. पक्ष्यांच्या पायांचे ठसे पाहून त्याने अक्षरे रचली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या 'ह्वायनान-त्झ' या ग्रंथात सांगितले आहे, की त्या वेळी आकाशातून धान्याचा पाऊस पडला आणि रात्री भुते रडली. पहिल्याने वाचताना हा पाऊस आपल्याला पुष्पवृष्टीसारखा वाटतो. सरस्वती अवतरली, देवांनी धान्य उधळले! पण इसवी सनाच्या दोनशेच्या सुमारास होऊन गेलेला टीकाकार गाओ यौ याने दिलेला अर्थ अगदी उलट आहे. अक्षरे आली की कपट येईल, कपट आले की माणसे मुळाची गोष्ट सोडून फांद्यांच्या मागे लागतील, नांगर टाकून लेखणीच्या टोकाएवढ्या लाभासाठी धावतील. मग ती उपाशी मरतील. हे आकाशाला आधीच कळले, म्हणून त्याने धान्य पाडले. तो पाऊस आशीर्वादाचा नव्हता. पुढे येणाऱ्या दुष्काळाची आगाऊ भरपाई होती. भुते का रडली, हेही त्याने सांगितले आहे, पण ते नंतर पाहू.

आता तो प्रश्न मांडतो. ज्याला अन्नाचे अक्षर लिहिता येते त्याचे अन्न पिकवणाऱ्याशी काही देणे लागते काय? की अक्षर हे एक निरुपद्रवी कौशल्य आहे, जसे विणकाम किंवा सतार?

जुन्या चीनचे उत्तर सोपे होते. समाजाच्या चार श्रेणींत पंडित पहिला, शेतकरी दुसरा, कारागीर तिसरा, व्यापारी चौथा. कागदावर शेतकऱ्याचा क्रमांक मोठा मानाचा. थांग काळातल्या ली शेन या कवीने शेतकऱ्याच्या घामाविषयी लिहिलेली चार ओळींची कविता चीनमधले प्रत्येक मूल आजही पाठ म्हणते, ताटात दाणे टाकले की आई तिचीच आठवण देते. हा ली शेन पुढे सम्राटाच्या प्रधानपदापर्यंत चढला. मात्र ज्याच्यावर कविता झाली तो शेतकरी ती वाचू शकत नव्हता. १९४९ साली, म्हणजे दोन-अडीच हजार वर्षे अखंड ग्रंथ लिहून झाल्यावर, त्या देशात शंभरातली ऐंशी माणसे निरक्षर होती असे सांगतात.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर खंदक खणायला आणि ओझी वाहायला सुमारे १,४०,००० चिनी मजूर नेले होते. 'कुली' हा आपल्या हिंदुस्थानातून जगभर गेलेला शब्द. चिन्यांनी तो कानाने उचलला आणि लिहिताना 'कडू' आणि 'बळ' ही दोन अक्षरे निवडली. १९१८ साली येन यांग-छू नावाचा एक तरुण, अमेरिकेत शिकलेला, या मजुरांची पत्रे लिहून देण्याच्या कामावर गेला. रोज रात्री पत्रे लिहून हात दुखू लागले, तेव्हा त्याने ठरवले की यांनाच लिहायला शिकवावे. त्यातून पुढे हजार अक्षरांचे प्राथमिक पुस्तक निघाले. परंतु त्याचे खरे शिक्षण झाले ते पुढे १९२६पासून उत्तरेकडच्या तिंग परगण्यात. शेतकऱ्याला हजार अक्षरे आली म्हणजे काम झाले असे तेथे दिसेना. वाचता येणारा शेतकरीही उपाशी आणि आजारी राहू शकतो. म्हणून अक्षरांबरोबर बियाणे, कोंबड्या, विहिरीचे पाणी, देवीची लस आणि गावाचा कारभार ही सारी कामे त्याने हाती घेतली. जपानी आक्रमणापर्यंत, १९३७पर्यंत, तो प्रयोग चालला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात हीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडवली आहे: ज्याला वाचता येत नाही त्याला लेखणीवाला कसकसा नागवतो, याचा हिशेबच त्यांनी मांडला. गाओ यौची भीती फुल्यांना कळली असती. त्यांनी मात्र लेखणी मोडायला सांगितले नाही, ती शेतकऱ्याच्या हाती द्यायला सांगितले.

नव्या चीनने तेच करायचे ठरवले. जानेवारी १९५६मध्ये अक्षरे सोपी करण्याची योजना जाहीर झाली. मिठाचे अक्षर चोवीस रेघांचे होते: खारे पाणी, भांडे, आणि वर देखरेख करणारा अधिकारी. यातली देखरेख उच्चारासाठी होती हे खरे, पण इसवी सनापूर्वी ११७पासून मिठावर सम्राटाची मक्तेदारी बसवणाऱ्या देशात तो अधिकारी योग्य जागीच उभा होता. दांडी आणि शिरोडे ज्यांनी पाहिले त्यांना तो ओळखू आला असता. नव्या अक्षरात रेघा दहाच. कणीक आणि शेवया या दोहोंना मिळून जे 'म्येन' अक्षर, त्यात डावीकडे गहू होता आणि उजवीकडे उच्चारासाठी 'तोंड', एकूण वीस रेघा. सुधारणेत गहू गेला, तोंड राहिले. आज पेकिंगात शेवयांच्या दुकानावर नुसते 'तोंड' लिहिलेले असते. तैपेई आणि हाँगकाँग येथे गहू अजून शाबूत आहे. धान्य या अर्थाच्या 'कू' अक्षराची जागा त्याच उच्चाराच्या 'दरी'ने घेतली.

रसिकांनी याबद्दल पुष्कळ शोक केला आहे. गव्हावाचून कणीक, ही कसली सुधारणा! मला स्वतःला जुनी अक्षरे काढताना अधिक आनंद होतो, हात त्यांच्यात रमतो. पण दिवसभर शेतात राबून रात्री कंदिलाखाली पहिल्यांदा लेखणी धरणाऱ्या बाईच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहतो, आणि वीस रेघांची बाजू मला घेववत नाही. ज्यांनी शोक केला त्यांना त्या रेघा बालपणीच फुकट मिळाल्या होत्या.

एका अक्षरापुरता मात्र मी अडतो. जुन्या लिपीत भुकेची दोन अक्षरे होती. एक पोटातल्या भुकेचे. दुसरे पीक न आल्यामुळे साऱ्या मुलखावर येणाऱ्या भुकेचे, म्हणजे आपण ज्याला दुष्काळ म्हणू त्याचे. श्यू शेनच्या कोशातही हा भेद नोंदलेला आहे. दोहोंचा उच्चार 'ची'च. सुधारणेत दोन्ही एका अक्षरात मिसळली, आणि ते अक्षर अवघ्या पाच रेघांचे झाले. एका माणसाचे रिकामे पोट आणि रिकामा मुलूख आता सारखेच लिहितात.

१९५८ साली चीनमध्ये मोठ्या झेपेची घोषणा झाली. घरोघरच्या चुली बंद करून गावोगाव सामुदायिक भोजनालये उघडली. आणि गावोगावचे कारकून पिकाचे आकडे लिहू लागले. वरून आकडा मोठा हवा, म्हणून खालून मोठा येई. शेजारच्या गावाने मोठा दिला, म्हणून आपला त्याहून मोठा. त्या सप्टेंबरात ग्वांगशी प्रांतातल्या ह्वानज्यांग परगण्यातून बातमी छापून आली, की एका 'मू' जमिनीत १,३०,४३४ चिन भात पिकले. 'मू' म्हणजे साडेसहा गुंठे. एवढे चिन म्हणजे ६५ टन. साडेसहा गुंठ्यांत पासष्ट टन भात! आजच्या सुधारलेल्या बियाण्याने आणि खतानेही तेथे अर्ध्या टनाच्या आसपासच निघतो. अनेक शेतांतली तयार रोपे उपटून एका शेतात दाटीवाटीने रोवली होती, इतकेच. कोणत्याही गावच्या शेतकऱ्याला हे एका नजरेत कळले असते, आणि कळलेही असेल. पण आकडा कागदावर गेला होता, आणि सरकारचा वाटा कागदावरच्या आकड्यावरून ठरत होता. जे पिकलेच नव्हते त्याचाही वाटा गाड्या भरून गेला. १९५९ साली धान्य परदेशी जातच होते. त्यानंतरच्या तीन वर्षांत जे मेले त्यांचा लहान अंदाजांपैकी एक दीड कोटीचा आहे. पुष्कळ अभ्यासकांचा तीन कोटींचा आणि त्याहून वरचा.

गाओ यौने लिहिले होते ते सगळे घडले, फक्त आकाशातून धान्य पडले नाही. आणि गंमत नव्हे, पण विलक्षण गोष्ट अशी, की हे निरक्षरांचे राज्य नव्हते. साक्षरतेचे वर्ग जोरात चालले होते. लेखणी अधिक हातांत गेली होती. पण खरे लिहिण्याची मोकळीक एकाही हाताला नव्हती. अमर्त्य सेन यांनी स्वतंत्र हिंदुस्थान आणि चीन यांची तुलना करून हेच दाखवले आहे: जेथे वर्तमानपत्रे दुष्काळाची बातमी छापू शकतात तेथे एवढा दुष्काळ टिकत नाही. म्हणजे माझ्या प्रश्नाला निरुपद्रवी असे उत्तर देता येत नाही. तांदळाचे अक्षर आणि त्याच्यापुढचा आकडा लिहिणारा मनुष्य सतार वाजवणाऱ्यासारखा नसतो. त्याने लिहिलेले कोणाच्या तरी ताटातून उचलले जाते, किंवा कोणाच्या तरी ताटात पडते.

त्या काळाला सरकारी चिनी भाषेत 'अडचणींची तीन वर्षे' असे नाव आहे. पाच रेघांचे ते 'ची' अक्षर, एवढे सोपे करून ठेवलेले, त्या नावात नाही.

आता भुतांकडे येतो. गाओ यौ सांगतो, की भुते रडली ती भीतीने. अक्षरे आली, आता आपले अपराध लिहून ठेवले जातील, आपल्यावर आरोपपत्र होईल, ही ती भीती. एकाच रात्रीच्या दोन गोष्टी आहेत या: माणसे अक्षरांनी फसतील म्हणून आकाश हळहळले, आणि अक्षरांनी आपण पकडले जाऊ म्हणून भुते रडली. या दुसऱ्या गोष्टीवर लोक थांबत नाहीत, पण मला ती पहिलीइतकीच खरी वाटते.

यांग जीशेंग हे चीनच्या सरकारी वृत्तसंस्थेचे जुने वार्ताहर. १९९०नंतरच्या दशकात, पिकांच्या आणि लोकसंख्येच्या धोरणाचा अभ्यास करतो आहोत असे सांगून, ते प्रांतोप्रांतीच्या दप्तरखान्यांत बसले. ज्या कारकुनांनी खोटे आकडे वर पाठवले होते, त्यांच्याच कपाटांत गुप्त अहवालांतून खरे आकडेही पडून होते. ते त्यांनी उतरवून काढले. मृतांची संख्या त्यांनी ३ कोटी ६० लाख धरली. त्यांचे दोन खंडांचे पुस्तक २००८ साली हाँगकाँगमध्ये निघाले; चीनच्या मुख्य भूमीवर ते निघू शकले नाही. पुस्तकाचे नाव 'थडग्याचा दगड'.

त्याचा आरंभ एका तांदळाच्या पुरचुंडीने होतो. १९५९च्या एप्रिलचा शेवट. यांग तेव्हा हूपे प्रांतात शाळेत शिकत होते आणि युवकदिनासाठी भिंतीवर लावायचे वार्तापत्र लिहीत बसले होते. गावाकडचा एक बालमित्र धावत आला. वडील भुकेने मरायला टेकले आहेत, मिळेल तेवढा तांदूळ घेऊन घरी चल, असा त्याचा निरोप होता. यांग यांनी लिहिणे तेथेच सोडले. भोजनालयात जाऊन आपले तीन दिवसांचे जेवण बंद करवले, त्याबद्दल दीड किलो तांदूळ मागून घेतला आणि घर गाठले. गावाच्या झाडांची साल सोललेली होती. वडील खाटेवर पडून होते. हात उचलून नमस्कारासारखे काही करू पाहत होते, पण तो उचलला गेला नाही. यांग यांनी तांदळाची पेज करून त्यांच्या तोंडाशी नेली. ती त्यांना गिळवली नाही. तीन दिवसांनी ते गेले.